‘कॉपियस’ म्हणजे उतरवलेलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोरही नाही – देवासमोर मी बहुतेक वेळा इतरांच्याच तक्रारी करत आले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तरी या वयात माझं काय वाकडं करणार?

आधीच एक सांगून ठेवते. हे वाचून कुणी ‘जाऊ द्या हो बाई, त्या काळी तसंच होतं’ असं म्हणणार असेल, तर त्याने इथेच थांबावं. त्या काळी तसं नव्हतं. त्या काळी मी तशी होते. आणि रडत रडत तर मला मुळीच लिहायचं नाही. रडून लिहिलेली कबुली लोक फार लवकर माफ करतात, आणि – काय करू – मला माफीचा भारी राग आहे.

तर गोष्ट एका शब्दाची. इंग्रजी शब्द. अर्थ विपुल, मुबलक, भरपूर – पण आपण येता-जाता म्हणतो ते भरपूर नव्हे, कोट-टाय घातलेलं भरपूर. इंग्रज माणूस जेवायला बसल्यावर आमटी भरपूर आहे हे सांगायला हा शब्द काढत नाही. टिपणं अशी असतात, पुरावा असा असतो, एखाद्या लेखकाची भाषा अशी असते. कुठे वापरायचा, कुठे नाही, हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारा. तेव्हा मात्र त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं, आणि हा काही गुन्हा नाही – हे मी ठणकावून सांगते. माणसाला एखादा शब्द ठाऊक नसतो. पुढे काय करतो, ते बघायचं.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. डोंबिवली तेव्हा केवढीशी – स्टेशन, थोड्या गल्ल्या, विहिरी, आणि मग जी भातशेतं सुरू व्हायची ती थेट खाडीपर्यंत. वरच्या वर्गाला इंग्रजी शिकवणारी बाई मी एकटीच. बाकी सगळे मास्तर, आणि मी इंग्रजी शिकवते याचं त्यांना मनातून दुःख. मी इंटरपर्यंत शिकलेली, पदवी नाही. माझे उच्चार स्वच्छ आहेत म्हणून हेडमास्तरांनी मला घेतलं होतं. मी कधी घसरते आणि कधी एकदा हसायला मिळतं, म्हणून मास्तरांच्या खोलीत सगळे टपून बसलेले असायचे.

बघा, झालं माझं सुरू! सबब. ही ओळ खोडणार होते, पण राहू दे. सबब किती अलगद येऊन मांडी घालते, ते तुम्हालाही दिसू दे. घरी मी एकटीच मिळवती होते, लहान भावंडं माझ्या तोंडाकडे बघत होती, असं लिहिलं तर तुम्ही विरघळाल ना? पण तसं काही नव्हतं. वडील रेल्वेत होते, भाऊ मुंबईला कचेरीत जात होता. नोकरी गेली असती तर आमच्या घरी एक वेळचा चहासुद्धा चुकला नसता. गेलं असतं ते फक्त माझं नाक.

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, पुस्तकात एका विद्वान गृहस्थावर धडा होता. तो ग्रंथालयात बसून जाडजाड पुस्तकं वाचतो आणि ‘कॉपियस नोट्स’ काढतो, असं त्यात वाक्य. धडा मी आदल्या दिवशी वाचून आले नव्हते. मुलींचा वर्ग, वीस-बावीस जणी. पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं, बाई, कॉपियस म्हणजे काय? मी वाक्य पुन्हा वाचलं. माणूस पुस्तक उघडून बसलाय, हातात लेखणी आहे, काहीतरी लिहितोय – आणखी काय असणार? कॉपी, कॉपियस. ‘उतरवून घेतलेलं,’ मी म्हणाले. ‘नक्कल केलेलं. लिहून घ्या.’ सगळ्यांनी लिहून घेतलं. मलाही इतकं पटलं की मी घरी जाऊन बघितलंसुद्धा नाही.

इथवर मी निर्दोष आहे. फार तर आळशी म्हणा.

त्या वर्गात चांगुणा नावाची मुलगी होती. कोपरच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला तिचं गाव. आगरी शेतकऱ्याची मुलगी. बांधाबांधाने चालत शाळेत यायची आणि विहिरीवर पाय धुऊन मगच वर्गात शिरायची. तिच्या गावातली अकरावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं. बापाने तिला एकच वर्ष दिलं होतं – अकरावी झाल्याबरोबर इस्पितळाने शिकायला घेतलं तर जा, नाहीतर त्यानंतरच्या माघात लग्न. हे साऱ्या वर्गाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा – मला माहीत होतं.

शाळेतली एकुलती एक मोठी डिक्शनरी हेडमास्तरांच्या खोलीत, काचेच्या कपाटात असायची. मधल्या सुट्टीत परवानगी मागून तिची पानं उलटणारी शाळेत एकच मुलगी होती. कोण ते सांगायला नको. धडा झाल्यावर दोन दिवसांनी ती भर वर्गात उभी राहिली.

‘बाई, मोठ्या डिक्शनरीन कॉपियस म्हंजे भरपूर लिवलाय.’ मग जीभ चावून म्हणाली, ‘लिहिलंय.’

मुली खुसखुसल्या. ‘लिवलाय’ला हसल्या. मला वाटलं, मला हसल्या.

‘अगं हो, चुकलंच माझं.’ एवढंच म्हणायचं होतं. मोजून चार शब्द. त्या दिवशी ते म्हटले असते तर आज हा कागद कोरा राहिला असता. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, डिक्शनरीत पुस्तकी अर्थ असतात, चांगुणा. कचेरीतलं इंग्रजी वेगळं. कचेरीत कॉपियस म्हणजे खरी नक्कल. आणि तेवढ्यावर थांबेन तर मी कसली! खडू घेतला आणि फळ्यावर अर्जाचं एक वाक्य लिहून दिलं – सोबत माझी कॉपियस सर्टिफिकेट्स जोडली आहेत. असलं वाक्य त्याआधी पृथ्वीतलावर कुणी लिहिलं नसेल. मी ते उभ्या उभ्या रचलं.

आणि ते चपखल बसलं हो! तुम्हाला ते दिवस आठवत नसतील. मूळ दाखला कुणी टपालात घालत नसे. तो हाताने उतरवायचा, कुणा प्रतिष्ठित माणसाकडे न्यायचा, त्याने खाली ‘खरी नक्कल’ लिहून सही ठोकायची, आणि मग तो अर्जाला जोडायचा. मुलींचं निम्मं आयुष्य या नकलांत जाणार होतं. त्यामुळे सगळ्यांना पटलं. चांगुणाला तर सगळ्यांत जास्त पटलं. तिचा चेहरा एकदम खुलला – डिक्शनरीतही नाही ते आपल्याला बाईंनी दिलं, असं तिला वाटलं असणार. तिने ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवलं. आठवड्याने वह्या तपासायला आल्या, तेव्हा मी त्या वाक्यावर लाल शाईने बरोबरची खूण केली आणि खाली माझी आद्याक्षरं घातली.

म्हणजे पहिल्या दिवशी चूक आणि दोन दिवसांनी खोटं. दोन्हींत फरक आहे. मी तरी तो मानते.

गंमत सांगू? त्या वर्गातल्या दोघी-तिघी पुढे तेच वाक्य लिहून मुंबईत कचेऱ्यांत चिकटल्या. साहेबांनी अर्ज वाचलेच नसतील, किंवा त्यांनाही तो अर्थ पटला असेल. हा शब्द नडला तो फक्त एकीला – जिला त्याचा खरा अर्थ आधीच ठाऊक होता.

चांगुणा अकरावी पास झाली. एका इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिने अर्ज केला, बोलावणं आलं, बापाबरोबर जाऊन आली. आणि जुलैतल्या एका सकाळी शिपाई मला वर्गातून बोलवायला आला. हेडमास्तरांच्या खोलीत चांगुणा उभी, शेजारी तिचा बाप – गुडघ्यापर्यंत चिखलाचे डाग, हातात टोपी. त्याला बसायला सांगितलं होतं तरी तो बसला नव्हता.

हेडमास्तरांनी सगळं सांगितलं. तिथल्या मेट्रनबाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, भरपूर सर्टिफिकेट्स जोडली म्हणतेस आणि पाकिटात तर दोनच कागद? चांगुणा म्हणाली, आमच्या बाईंनी असंच शिकवलंय. मेट्रनबाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, तसं असेल तर शाळेची चिठ्ठी आण, की हा शब्द तिथेच असा शिकवला आणि मुलीचं इंग्रजी एरवी चांगलं आहे. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते जिला कळणार नाही, तिला आम्ही कशी घेणार? शनिवारपर्यंत आण, जागा ठेवते.

एक चिठ्ठी. हेडमास्तरांच्या टेबलावर कागद तयार होता, टाक तयार होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘बाई, तुम्ही कोपियसचा अर्थ असा सांगितला होता का?’

को. ‘कॉ’ नाही – को! माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं असेल? चांगुणाचं वर्ष? माघातलं लग्न? छे. मी इतके महिने उच्चारसुद्धा चुकीचा करत होते, हे आलं. उच्चारांवर घेतलेली बाई मी. आता हे शेजारच्या खोलीत जाणार, मास्तर लोक चहा पिता पिता मला कॉपियसबाई म्हणणार – एवढंच आलं. बाकी खोलीत कुणी होतं की नाही, तेही मला दिसेना.

चांगुणाने पिशवीतून वही काढली. पान उघडून टेबलाकडे निघाली होती. मी मध्येच हात पुढे केला आणि वही घेतली. ती वही मी बघितली. माझी लाल खूण. माझी आद्याक्षरं. शाई जरासुद्धा फिकी झाली नव्हती.

मी वही मिटली.

आणि म्हणाले – हे आता शब्दाला शब्द सांगते, कारण हेच सांगायला बसले होते, बाकी सगळं इकडे-तिकडे करत होते – मी म्हणाले, ‘नाही सर. मी भरपूर असाच सांगितला होता. मुलगी कष्टाळू आहे, पण या लोकांची बोली वेगळी. सांगितलेलं त्यांच्या कानाला नीट लागत नाही. ऐकतात एक आणि लिहितात भलतंच.’

हेडमास्तरांनी वही मागितली नाही. ते सज्जन गृहस्थ होते, नेकीचे होते, आणि त्यांनी वही मागितली नाही! का मागतील? मी जे बोलले ते त्यांना आधीपासूनच पटलेलं होतं. मला ते माहीत होतं. मी माझं खोटं बरोब्बर तिथेच नेऊन ठेवलं, जिथे ते कुणी तपासणार नव्हतं. याला घाबरून बोलणं म्हणत नाहीत. घाबरलेला माणूस अडखळतो. मी एकदाही अडखळले नाही.

बाप पोरीकडे वळला. ‘बाई खोटं कशाला बोलतील गो? तुजेच कानान काय तरी भलता शिरला असंल.’ आणि मग माझ्याकडे बघून, हात जोडून, ‘माफी करा बाई. पोरीन तुमचा नाव घेतला तिकरं.’

माफी! त्याने माझी मागितली. माफीचा मला राग का आहे, ते आता कळलं असेल.

चांगुणा माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातातल्या वहीकडे बघत होती. त्या पानावर काय आहे ते खोलीत फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिने नुसतं म्हटलं असतं ना, ‘सर, वही बघा’ – तीन शब्द – तर माझा निकाल लागला असता. मी वाट बघत होते. खरंच सांगते, मी वाट बघत होते, आणि म्हणाली असती तर तिचा जन्मभर द्वेष केला असता. ती म्हणाली, ‘माजंच चुकलं असंल, सर.’

मी वही तिच्या हातात परत दिली. हेडमास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न कर. पुढचं वर्ष तिला नव्हतं, हे मी त्यांना सांगू शकले असते. तेही सांगितलं नाही. शनिवार आला आणि गेला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार – मला तीन दिवस मिळाले होते. त्या तीन दिवसांत मी वर्ग घेतले, जेवले, रात्री नीट झोपले. झोप उडाली होती असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण उडाली नव्हती.

तिचे कान त्या शाळेत सगळ्यांत तिखट होते. मुलींमध्ये आणि मास्तरांमध्येही.

त्याच वर्षी नव्या अकरावीपुढे तोच धडा आला. मी शब्दापाशी कुणी विचारण्याआधीच थांबले आणि खणखणीत आवाजात सांगितलं – कोपियस, को, म्हणजे भरपूर. एक मुलगी उठली. तिची थोरली बहीण आधीच्या वर्षी माझ्याच वर्गात होती. ‘बाई, ताईच्या वहीत वेगळं आहे.’ मी म्हटलं, ताईने नीट ऐकलं नसेल. ही ताई बामणाघरची, स्टेशनजवळ राहणारी. तिच्या बोलीबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही. तेव्हा वर्गाकडे पाठ करून मी फळा पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नसताना.

मी चांगली शिक्षिका होते. हे मी मागे घेणार नाही, तुम्हाला कितीही आवडलं नाही तरी. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज फडाफडा इंग्रजी बोलतात. त्या घटनेनंतर मी एकही शब्द न बघता वर्गात गेले नाही. लोक म्हणतील, बघा, चुकीतून शिकल्या. शिकले ना! माझ्या चुकीची किंमत दुसरीने चुकवली आणि शिकले मी. यात अभिमान कशाचा धरायचा ते ज्याने त्याने ठरवावं.

तिचं लग्न माघातच झालं. शीळफाट्याकडच्या एका गावात दिलं होतं, एवढं कानावर आलं. मी चौकशी केली नव्हती, आपणहून कानावर आलं.

मग मधे पाच-सहा वर्षं गेली. माझंही लग्न झालं, शाळा तीच राहिली. एके दिवशी हिवाळ्यात बाजारात गेले होते. स्टेशनबाहेर खेड्यांतून आलेल्या बायका ओळीने भाजी घेऊन बसायच्या. वालाच्या शेंगांचे वाटे मांडलेले होते, एक वाटा मी बोटाने दाखवला आणि पिशवी पुढे केली. पिशवी धरणारा हात मध्येच थबकला. ‘बाई!’

चांगुणा. अंगाने भरली होती, कपाळावर मोठं कुंकू, शेजारी तिची जाऊ. मला वाटलं, आता भर बाजारात ही बोलणार. बोलू दे, म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. मी सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. तिने जावेला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, ‘आमच्या शालेतल्या बाई हायेत या. इंग्रजी शिकवाच्या.’ त्यात टोचणी शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही. तिने तो वाटा माझ्या पिशवीत ओतला. मग दुसरा ओतला. मग ओंजळीने आणखी दोनदा. मी पुरे पुरे म्हणते तोवर पिशवी तोंडापर्यंत आली.

‘घ्या वो बाई,’ ती हसून म्हणाली. ‘कॉपियस घ्या.’

आसपास दोन-तीन ओळखीच्या बायका भाजी निवडत होत्या. माझ्याच गल्लीतल्या. आणि मी – तेव्हा तरी माझ्या तोंडून काय यायला हवं होतं? तो शब्द, तो अर्थ, डिक्शनरीत तिने आपणहून शोधलेला, सगळं तिने माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. कुणी अडवत नव्हतं. हेडमास्तर नव्हते, मास्तर नव्हते, नोकरी पक्की झाली होती.

‘कोपियस,’ मी म्हणाले. ‘कॉ नाही. को.’

 वर्गात म्हणायची तसंच मान हलवून ती म्हणाली, ‘हो, बाई.’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

शेंगा घेऊन मी घरी आले, सोलल्या, आमटी केली. आम्ही ती दोन दिवस खाल्ली. पुढच्या आठवड्यापासून मी भाजी रुळांच्या पलीकडून आणायला लागले. लांब पडायचं, पिशवी घेऊन पूल चढायला लागायचा. ती त्या बाजारात बसत होती तोवर मी रोज तो पूल चढले.